घोड्याच्या अंगावर गांधी (पित्तासारखे फुगवटे), खाज, खपल्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे वाईजवळ तीन घोडी आहेत. सासरे पाचगणीच्या टेबललँडवर घोडे चालवायचे, त्यामुळे पागेतलं काम लग्नानंतर माझ्याही अंगवळणी पडलं. महाबळेश्वरला वेण्णा तलावावर सवारी देणारे, माण-खटावातून मेंढरांबरोबर घोडं घेऊन फिरणारे धनगर बांधव, मिरज-तासगावकडे वरातीची घोडी सांभाळणारे, असे कितीतरी जण घोड्याच्या कातडीबद्दल विचारतात. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते आहे.

मी डॉक्टर नाही. औषधाचं प्रमाण इथे कुठेही दिलेलं नाही. ते घोड्याचं वजन आणि तब्येत बघून पशुवैद्यकांनीच ठरवायचं. पण डॉक्टर दहा मिनिटं येतात, आपण दिवसभर घोड्याजवळ असतो. पुरळ कुठे उठलं, कुठे नाही उठलं, कधी उठलं, हे आपणच सांगू शकतो. आणि हे बघायच्या आत अंगाला काहीबाही फासलं तर मग डॉक्टरांनाही काही दिसत नाही.

काल काही नव्हतं, आज सकाळी अंगभर फुगवटे. हे काय आहे?

बहुतेक वेळा या गांधी असतात. माणसाच्या अंगावर पित्त उठतं तसंच. मानेवर, खांद्यावर, बरगड्यांवर गोल, चपटे फुगवटे येतात. वाटाण्याएवढे, रुपयाएवढे, कधी एकमेकांत मिसळून तळहाताएवढे. त्यावरचे केस उभे राहतात, म्हणून तिरप्या उजेडात चटकन दिसतात. बोटाने दाबलं तर खळगा पडतो आणि क्षणभर तसाच राहतो. केस गळत नाहीत, खपली धरत नाही, पाणी सुटत नाही. खाज असेलच असंही नाही. अंगभर गांधी असताना घोडा निवांत कडबा खाताना मी पाहिला आहे.

आमच्या पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असलेल्या) घोडीला एकदा असंच झालं. पहाटे अंधारात पाठीवरून हात फिरवला, तर केसांखाली सोललेले वाटाणे पेरल्यासारखे लागले. बॅटरी मारून पाहिलं. पाठीवर आणि दोन्ही कुशींवर फुगवटेच फुगवटे, पण मानेवर एक नाही, पायांवर एक नाही. खालची कड तर आखल्यासारखी सरळ. झुलीची किनार जिथे येते, बरोबर तिथे थांबलेली. आदल्या दिवशी झूल घरच्या कपडे धुण्याच्या पावडरीत धुतली होती आणि टाकीत पाणी कमी म्हणून एकदाच खळबळली होती. झूल काढली, घोडीचं अंग साध्या पाण्याने धुतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळं बसलं, औषध लागलंच नाही. ती कड बघितली नसती, तर आम्ही चंदी (घोड्याचा दाणा) बदलत बसलो असतो.

गांधी कशाकशाने उठतात?

किड्यांचे चावे, इंजेक्शन किंवा तोंडातून दिलेलं औषध (पेनिसिलिन त्यात बऱ्याचदा सापडतं), लस, नवं खाद्य, बुरशी लागलेला कडबा, परागकण, अंगाला लागणारी नवी वस्तू. क्वचित नुसती मेहनत झाली, घाम आला तरी उठतात. मागचे दोन दिवस डोळ्यांसमोरून फिरवा: काय नवीन आलं? नवी पेंड, नवा खरारा (अंग घासायचा ब्रश), माश्यांचा नवा फवारा, जंताचं औषध, शेजारच्या शेतातली फवारणी. खाद्यावर संशय सगळे आधी घेतात, पण घोड्यात खाण्याची ॲलर्जी त्या मानाने कमी असते.

साध्या गांधी एक-दोन दिवसांत आपोआप बसतात. त्यापुढे राहिल्या, किंवा पुन्हा पुन्हा येऊ लागल्या, तर डॉक्टरांना दाखवा.

कोणत्या वेळी एक मिनिटही थांबायचं नाही?

तोंड, नाकपुड्या, पापण्या सुजायला लागल्या तर. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. आपलं नाक चोंदलं तर आपण तोंड उघडतो, त्याला ती सोय नाही. नाकपुड्या सुजून बंद झाल्या की श्वासच बंद. श्वासाला घरघर, नाकपुड्या फुगवून ओढून घेतलेला श्वास, अंगाला दरदरून घाम, पाय लटपटणं, हिरड्या पांढुरक्या किंवा निळसर पडणं, यातलं एक जरी दिसलं तरी लगेच फोन करा. इंजेक्शन दिल्यावर काही मिनिटांत असं झालं तर ती जीवघेणी ॲलर्जी असू शकते आणि डॉक्टरांनी वेळेत दिलेलं ॲड्रेनालिन हाच तिच्यावरचा पहिला उपाय. म्हणून इंजेक्शन दिल्यावर डॉक्टरांना चहाच्या निमित्ताने अर्धा तास थांबवून घ्यावं, असं सासरे म्हणायचे. आम्ही अजून थांबवतो.

नुसतं तोंडच सुजलं असेल, तेही एका बाजूने जास्त, तर साप चावला असण्याची शंका घ्या. घोडा वास घ्यायला नाक पुढे करतो आणि तिथेच डसला जातो. आपल्या भागात घोणस आणि फुरसं दोन्ही आहेत. दातांच्या खुणा केसांत सापडतातच असं नाही, त्यामुळे खूण दिसत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

आग्या मोहोळाच्या माश्या उठून घोड्याला डसल्या असतील तर आधी त्याला तिथून लांब न्या, माश्या निवल्यावर काटे नखाने खरवडून काढा. खूप डंख असतील तर हीसुद्धा तातडीचीच वेळ.

डॉक्टर येईपर्यंत म्होरकी (तोंडावरची दोरी-पट्ट्यांची बांधणी) सैल करा किंवा काढा, कारण सुजलेल्या तोंडावर ती रुतते. घोडा सावलीत, शांत ठेवा. चालवू नका. तोंडातून काही पाजू नका. चिरा देणं, दोरी आवळणं, काही नको. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे, तो तबेल्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा.

घोड्याची रोजची गणती माहीत असली तर बिघाड लवकर कळतो. शांत उभ्या मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, अंगाचं तापमान ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट. नाडी जबड्याच्या खालच्या कडेला आतल्या बाजूने लागते. घोडा बरा असताना चार वेळा शोधून बघा, म्हणजे घाईच्या वेळी बोट चुकत नाही.

घोडा शेपूट नि आयाळ घासून घासून बोडकी करतो. नुसती खोड आहे का?

खोड नाही, खाज आहे. या दुखण्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून सविस्तर सांगते.

पहिला संशयित म्हणजे चिलटं. डासापेक्षाही बारीक, डोळ्यांना धड दिसत नाहीत. काही घोड्यांना त्यांच्या लाळेचीच ॲलर्जी असते. सगळ्या पागेला चिलटं चावतात, पण एखादंच घोडं वेडंपिसं होतं. आयाळीच्या मुळाशी, शेपटीच्या बुडख्याशी आणि पोटाच्या मधल्या रेषेवर खाज. आमच्या दारातल्या कडुनिंबाच्या सालीत घोडीचे तुटके केस अडकलेले दिसायचे, कमरेच्या उंचीवर, एकाच बाजूला. पुढे कातडी जाड होते, वळ्या पडतात, रक्त येतं, त्यावर माश्या बसतात. हे पाऊस सुरू झाल्यावर वाढतं आणि थंडीत कमी होतं. दरवर्षी त्याच महिन्यांत हे दुखणं फिरून आलं, तर चिलटांवरच बोट ठेवा.

दुसरा संशयित जंत. एका जातीच्या जंताची मादी गुदद्वाराभोवती चिकट अंडी घालते, त्याने शेपटीखाली खाज सुटते. यात फक्त शेपूट घासली जाते, आयाळ नाही. पहाटे अंग धुण्याआधी शेपटीखालच्या कातडीवर चिकटपट्टी दाबून काढा आणि डॉक्टरांना द्या. सूक्ष्मदर्शकाखाली अंडी दिसतात.

तिसऱ्या उवा. थंडीत केस दाट झाले की होतात. आयाळीच्या मुळाशी केस बाजूला करून उन्हात बघा, लिखा चिकटलेल्या दिसतात.

चिलटांचा बंदोबस्त कसा करायचा?

चिलटं पहाटे आणि दिवेलागणीला येतात. त्या दोन वेळा घोडा आत घ्या. चिखल, ओलं शेण, तुंबलेलं पाणी यांत ती वाढतात, म्हणून उकिरडा तबेल्यापासून जितका लांब जाईल तितका न्या. कृष्णाकाठच्या गावांत हे अवघड आहे, मला माहीत आहे, तरी निदान पाणी पिण्याच्या हौदाभोवतीचा चिखल मुरूम टाकून बुजवता येतो.

सगळ्यात स्वस्त आणि खरोखर गुण येणारा उपाय म्हणजे पंखा. चिलटं इतकी हलकी असतात की वाऱ्यात त्यांना उडता येत नाही. जुना टेबलफॅन घोड्याच्या आवाक्याबाहेर उंच टांगा, वायर त्याच्या तोंडाला लागणार नाही असं बघा. शेपटीपासून मानेपर्यंत अंग झाकणारी बारीक जाळीची झूलही कामाची.

कडुनिंबाच्या पाल्याची धुरी बरेच जण करतात. उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूने थोडी चालेल. बंद तबेल्यात मात्र करू नका, घोड्याची छाती धुराने खराब होते. परमेथ्रिन असलेला, घोड्यासाठीचा फवारा डॉक्टरांना विचारून वापरता येतो. तो मांजरांना आणि माशांना फार विषारी आहे, त्यामुळे फवारल्यावर घोडा नदीत किंवा तळ्यात घालू नका.

गाई-म्हशींचं गोचिडाचं औषध घोड्याला लावलं तर चालतं का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. ज्या बाटलीवर अमिट्राझ लिहिलं आहे ती तर घोड्याच्या जवळही नेऊ नका. गोठ्यात ती बाटली हमखास असते, म्हणून हे कळकळीने सांगते. अमिट्राझने घोड्याच्या आतड्याची हालचाल मंदावते, शेण आत घट्ट होऊन अडकतं आणि पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटशूळ नेहमीच धोक्याचा. ओळखीतल्या एका घोडीला असंच गोठ्यातलं औषध चोळलं होतं. गोचीड गळाले आणि घोडी दोन दिवस लोळत होती. वाचली, पण त्या दोन रात्री घरात कोणी जेवलं नाही.

गाई-म्हशींसाठीचं आयव्हरमेक्टिनचं (जंतांच्या औषधाचं) इंजेक्शनही घोड्याला टोचू नये, टोचलेल्या जागी वाईट सूज येऊ शकते. घोड्यासाठी तोंडातून द्यायची पेस्ट मिळते.

नायटा आहे की ॲलर्जी, हे कसं ओळखायचं?

नायट्यात केस जातात. गोल चट्टा, कडेला तुटके केस, वर राखेसारखा कोंडा. तंगाखाली (खोगीर आवळायच्या पट्ट्याखाली), खोगिराखाली, तोंडावर जास्त. गांधीसारखा तो एका रात्रीत उठत नाही, दिवसागणिक वाढतो. आणि तो एका घोड्यावर थांबत नाही: खरारा, झूल, खोगीर, म्होरकी, ज्याला ज्याला ते लागेल त्याला तो जातो. माणसालाही होतो, मोतद्दाराच्या (घोडा सांभाळणाऱ्याच्या) हातावर गोल चट्टा दिसला तर समजून घ्या.

एकाच खोगिरावर दिवसभरात चार घोडे फिरवण्याची पद्धत सवारीच्या जागी सर्रास आहे. नायटा असलेला एक घोडा त्यात असला की महिन्याभरात सगळी रांग चट्ट्यांची होते. प्रत्येक घोड्याचा खरारा नि खोगिराखालचं कापड वेगळं ठेवा. कापड उकळून कडक उन्हात वाळवा. डॉक्टर चट्ट्याच्या कडेचे केस उपटून तपासतात, म्हणून त्याआधी तिथे मलम लावू नका.

पावसाळ्यात पाठीवर खपल्या धरल्या आहेत, ओढलं की केसांचा झुपकाच हातात येतो.

हा जिवाणूंचा संसर्ग. झुपका रंगाच्या ब्रशासारखा दिसतो, खाली कातडी गुलाबी, ओलसर, कधी पू. पाणी जिथून ओघळतं तिथे, म्हणजे पाठ, पुठ्ठा (मागचा मांसल भाग) आणि कुशी, इथे तो जास्त. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास. त्यामुळे एकाच जातीचं घोडं घाटावर वर खपल्यांनी बेजार आणि खाली माणमधल्या दहिवडीत ठणठणीत, हे नवल नाही.

मुख्य औषध म्हणजे कोरडं अंग. डोक्यावर छप्पर हवं, आणि प्लॅस्टिकचा कागद पाठीवर टाकणं बंद. आतल्या घामाने कातडी आणखी भिजते. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या पाण्याने अंग धुवायचं, दहा मिनिटं ठेवायचं, साध्या पाण्याने धुऊन कोरडं पुसायचं. खपल्या ओल्या झाल्यावर हलक्या हाताने निघतात, कोरड्या ओरबाडू नका, घोड्याला फार दुखतं. निघालेल्या खपल्या गोळा करून जाळा. पाठ बरी होईपर्यंत खोगीर नाही. त्या काळात पर्यटकही कमी असतात, विश्रांती द्या.

फक्त पांढऱ्या भागावरच कातडी भाजल्यासारखी झाली आहे. बाकी अंग छान.

हे दिसलं की यकृताचा विचार करा. काही वनस्पती खाल्ल्याने यकृत बिघडतं, मग रक्तात साठलेल्या द्रव्यावर ऊन पडलं की कातडी जळते. गडद कातडीला रंगाचं संरक्षण असतं, पांढऱ्या केसांखालच्या गुलाबी कातडीला नसतं. म्हणून पंचकल्याणी घोड्याचे चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा भाजतो, पण मधलं अंग चकचकीत राहतं. आपल्या घाटांत, बांधांवर माजलेली घाणेरी, म्हणजे टणटणी, या बाबतीत बदनाम आहे. चारा भरपूर असेल तर जनावर तिला सहसा तोंड लावत नाही, उन्हाळ्यात उपाशी सुटलेलं लावतं.

घोडा लगेच सावलीत बांधा, दिवसा बाहेर काढू नका. डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या पिवळसर दिसतात का बघा आणि रक्त तपासून घ्या. नुसतं गुलाबी नाक उन्हाने भाजत असेल तर डॉक्टर झिंक ऑक्साइडचं मलम सांगतात.

उसाचं वाढं, गाजर गवत यांनी काही होतं का?

वाढं म्हणजे उसाचे शेंडे. त्याच्या पाल्याला कुसं असतात, ओठांच्या कडा लाल होतात, बारीक जखमा होतात. ती ॲलर्जी नव्हे, बोचणं आहे. वाढं कोणत्या फडातलं, त्यावर फवारणी कधी झाली, हे विचारल्याशिवाय घोड्यापुढे टाकू नका. गाजर गवत १९५०च्या दशकात पुण्यात आढळलं आणि तिथून सगळीकडे पसरलं. ते खरोखर ॲलर्जीचं घर आहे. त्यात चरणाऱ्या जनावरांच्या तोंडाभोवती आणि पायांवर पुरळ येऊ शकतं, उपटणाऱ्या माणसाच्या हातांवरही. फुलावर यायच्या आधी, हातमोजे घालून उपटा.

वरातीच्या घोडीला रंग, मेंदी, चमकी लावलेली चालते का?

न लावलेली बरी. नवरदेव सजवा, घोडीला स्वच्छ झूल पुरते. गिऱ्हाईक अडूनच बसलं तर एक दिवस आधी काखेमागे रुपयाएवढ्या जागी लावून बघा, आणि डोळ्यांजवळ काही नको.

हळद, करंज तेल, जळकं ऑइल?

हळद आपल्या सांगलीची, तिच्याबद्दल मला माया आहे. पण डॉक्टर येण्याआधी तिने कातडी पिवळी करून ठेवली की लाली दिसत नाही आणि कावीळही कळत नाही. करंज किंवा कडुनिंबाचं तेल काही घोड्यांना सोसतं, काहींची कातडी त्याने उलट भडकते, आणि तेल लावून उन्हात उभं केलं तर हमखास. आधी छोट्या जागी लावून बघा. गाडीचं जळकं ऑइल, रॉकेल, डिझेल यांतलं काहीही लावू नका. घोडा ते चाटतो, कातडी सोलवटते, आणि किडे मरतात तसे कातडीचे थरही मरतात.

एका इंजेक्शनात सगळं बसतं, मग एवढा खटाटोप कशाला?

ते बहुधा स्टेरॉइडचं इंजेक्शन असतं. योग्य वेळी ते वरदान आहे. पण घोड्यात त्याने खुरांना जळजळ होण्याचा धोका असतो, म्हणजे लॅमिनायटिस, आणि त्यातून घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो. दुसरं म्हणजे दुखणं नायट्याचं किंवा जिवाणूंचं असेल तर स्टेरॉइडने ते आणखी पसरतं. घोडी गाभण असेल, आधी कधी खूर धरले असतील, तर हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी स्वतःहून सांगा. माणसांच्या सेटिरिझिनच्या गोळ्यांबद्दलही तेच: घोड्याला ते औषध देतात, पण प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचं, आणि प्रत्येक घोड्याला गुण येतोच असं नाही.

नेमकी कशाची ॲलर्जी आहे, ते तपासता येतं का?

कातडीत थेंब टोचून बघण्याची चाचणी असते. तिच्या आधी काही दिवस स्टेरॉइड आणि ॲलर्जीची औषधं थांबवावी लागतात. पण आपल्यासाठी जास्त उपयोगाची आहे ती वही. संशयाच्या गोष्टी एकेक करून बंद करा, एका वेळी एकच. खाद्याचा संशय असेल तर महिनाभर तरी साधा कडबा-गवत, मग एकेक जिन्नस परत. चार गोष्टी एकदम बदलल्या तर घोडा बरा होईल, पण कशाने ते कधीच कळणार नाही.

दुखणं महिनाभर हटत नसेल तर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात घोडा दाखवा. पुणे-सातारा रस्त्यावरच आहे.

ॲलर्जी समजून दुर्लक्ष केलं आणि महागात पडलं, असं कोणतं दुखणं?

ग्लँडर्स, हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग. पायाच्या आतल्या बाजूला एका ओळीत, माळेच्या मण्यांसारख्या गाठी येतात, फुटतात, चिकट पू वाहतो. सोबत नाकातून घट्ट स्राव, ताप, घोडा वाळत जाणं. हा माणसालाही होतो आणि जीव घेऊ शकतो. शंका आली की घोडा वेगळा बांधा, हातमोज्यांशिवाय हात लावू नका, त्याचं पाण्याचं भांडं वेगळं करा आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००९च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याने हे कळवणं बंधनकारक आहे. नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासला जातो. यावर उपचार करत नाहीत, रोग निघाला तर घोड्याला शांतपणे मरण द्यावं लागतं. हे लिहिताना हात जड होतो. पण लपवलेला एक घोडा यात्रेत किंवा बाजारात गेला तर किती पागा ओस पडतील याचा विचार करा.

पांढऱ्या घोड्याच्या शेपटीखाली काळ्या टणक गाठी आहेत, ही ॲलर्जी का?

नाही. वय झालेल्या पांढऱ्या घोड्यांत या गाठी पुष्कळदा होतात. डॉक्टरांना दाखवून ठेवा, स्वतः कापू नका.

चिलटांची ॲलर्जी कायमची जाते का?

जात नाही. दरवर्षी येणार हे धरूनच चालायचं, आणि खाज सुटायच्या आधी तयारी करायची. एकदा कातडी सोलवटली की हंगाम संपेपर्यंत ती सावरत नाही. आमच्याकडे मृग लागायच्या आठवडाभर आधी जाळीची झूल पेटीतून निघते, फाटलेलं शिवून होतं, पंखा पुसून टांगला जातो, हौदाभोवती मुरूम पडतो. गेल्या दोन पावसाळ्यांत घोडीने आयाळ घासलेली नाही. तरी रोज संध्याकाळी मी कडुनिंबाच्या खोडाची ती बाजू बघून येते, सालीत केस अडकलेत का म्हणून.